अवजारपूजा आणि दृष्टफल

आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, महाराष्ट्रात शस्त्रांबरोबर अवजारांचीही पूजा होते, आणि अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीसारख्या परिसरात वायरच्या ड्रिल मशीनला हळदकुंकू वाहिले जाते, तेव्हा त्या पूजेचा उरलेल्या वर्षातील वापराशी काय संबंध, हा प्रश्न तात्त्विक ठरतो. पूर्वमीमांसा, म्हणजे वैदिक कर्मकांडाचा अर्थ लावणारे दर्शन, कर्माच्या पोटातील कृतींचे दृष्टार्थ आणि अदृष्टार्थ असे दोन प्रकार मानते. यज्ञासाठी भात कांडला की तूस निघते, हे डोळ्यांना दिसणारे फल असल्यामुळे ती कृती दृष्टार्थ, आणि दिसणारे प्रयोजन सापडत असताना अदृष्टाची, म्हणजे न दिसणाऱ्या फलाची, कल्पना करू नये, असा पूर्वमीमांसेचा दंडक आहे. कर्मठांच्या दर्शनाने इतका रोखठोक नियम घालावा, हे विशेषच. त्या कसोटीवर वायरचे आवरण तपासणे, बिट बदलण्यापूर्वी प्लग काढणे, चष्मा लावणे आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारे उपकरण बसवणे या दृष्टार्थ कृती होत, ज्यांची जागा पूजेतले हळदकुंकू घेऊ शकत नाही. मात्र अशा कृतीमागे निव्वळ चांगला हेतू असणेही पुरत नाही. सैल हातमोजा घालणाऱ्याला सावधपणाचे समाधान मिळते, पण फिरता बिट तोच मोजा पकडून बोटांसह गुंडाळतो.