रोजच्या दिवसातील हर्ष

संस्कृत साहित्यशास्त्रकारांनी उत्साह हा वीररसाचा स्थायिभाव मानला आहे. भरतमुनींपासून चालत आलेली ही व्यवस्था आम्ही विद्यार्थिदशेत मुकाट्याने पाठ केली; तिच्यात काही चमत्कारिक आहे हे मात्र पन्नाशी उलटल्यावर ध्यानात आले. उत्साह वीराचा! म्हणजे तो रणांगणावर, फार तर दानाच्या किंवा दयेच्या एखाद्या मोठ्या प्रसंगी प्रकट व्हावयाचा. सकाळी पाणी भरणे, डबा बांधणे, गाडी गाठणे आणि संध्याकाळी भाजी घेऊन घरी परतणे यांतच ज्याचे आयुष्य सरते, त्याच्या वाट्याला कोणता स्थायिभाव आला आहे, याची चौकशी कोणी केलेली दिसत नाही. शास्त्रकारांस दोष देण्याचे कारण नाही. ते नाटकाचा विचार करीत होते, आणि भाजी आणणाऱ्या गृहस्थावर त्या काळी नाटक होत नसे.

ही उणीव आता उपदेशकांनी भरून काढली आहे. कामात आनंद शोधा, एखादा छंद लावून घ्या, प्रत्येक दिवस उत्साहाने जगा, असे सांगणाऱ्या पुस्तकांस आज तोटा नाही. उपदेश खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु आमचे वास्तव्य भिवंडीस आहे, आणि भिवंडीत राहून हा उपदेश उच्चारताना जीभ किंचित अडखळते. मुंबईतील 1982 च्या गिरणीसंपानंतर तेथील पुष्कळ काम या गावातील यंत्रमागांकडे आले. माग चालविणारे बहुतेक कामगार उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण अशा दूरच्या प्रांतांतून आलेले. पाळी बारा तासांची, मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर. एकेका माणसाने चार-सहा माग एका वेळी सांभाळावयाचे. तुटलेला धागा जोडावयाचा, धोट्यातील रिकामी कांडी बदलावयाची आणि पुन्हा पुढच्या मागाकडे वळावयाचे. अशा मनुष्यापुढे उभे राहून ‘बाबा रे, कामात आनंद शोध’ असे सांगण्याचे धैर्य ज्याला असेल त्याने ते अवश्य सांगावे; आम्हांस ते नाही.

इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या आमच्यासारख्यास येथे विल्यम मॉरिसची आठवण होणे अपरिहार्य आहे. श्रम आणि आनंद यांची फारकत हेच आपल्या युगाचे मोठे दुःख आहे, असे हा इंग्रज कवी जन्मभर सांगत राहिला. 1884 मधील आपल्या एका प्रसिद्ध व्याख्यानात त्याने उपयुक्त काम आणि निरर्थक कष्ट यांत भेद केला. ज्यात विश्रांतीची, चांगली वस्तू घडण्याची आणि खुद्द करण्यातील सुखाची आशा आहे ते काम, बाकीचे कष्ट. विचार निर्दोष आहे, आणि तो केवळ बोलघेवडाही नव्हता. लंडनमधील आपल्या घरी, निजण्याच्या खोलीत, त्याने माग उभा केला होता व पहाटे उठून तो त्यावर विणीत बसे. मात्र तो माग त्याने स्वेच्छेने मांडला होता आणि कंटाळा येताच त्यावरून उठण्यास तो मुखत्यार होता, हे विसरून चालणार नाही. आमच्या गावचा विणकर भोंगा होईपर्यंत उठू शकत नाही.

इतके लिहून आम्ही थांबलो असतो, तर हा निबंध कारखानदारीवरील एक तक्रार होऊन संपला असता आणि आम्ही निर्दोष ठरलो असतो. परंतु एक जुनी गोष्ट आमच्या आड येते.

काही वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाच्या वर्गात एक विद्यार्थी होता. रात्रपाळीस मागावर काम करून तो सकाळी तासाला येत असे व मागच्या बाकावर बहुधा डुलक्या घेत असे. आम्ही वर्गास ‘माझा आवडता छंद’ असा विषय निबंधास दिला. या मुलाने पोस्टाची तिकिटे जमविण्यावर दीड पान लिहून आणले. ते कोणत्या मार्गदर्शकातून उतरविले होते हे आम्ही ओळखले. तथापि शुद्धलेखन बरे होते, म्हणून दहापैकी सहा गुण दिले. वही मिटताना तिची मागची पाने उघडली गेली. तेथे आकड्यांच्या रांगा होत्या. शेजारशेजारच्या दोन मागांच्या फण्या पुढे येऊन ठोका देतात. दोहोंची गती अगदी सारखी नसल्यामुळे ठोके मागेपुढे पडत जातात, आणि काही वेळाने पुन्हा एक ठोका नेमका बरोबर पडतो. हा एकत्र ठोका किती ठोक्यांनी येतो, हे त्याने रात्रीमागून रात्र मोजून मांडले होते. पहिला आणि दुसरा माग, दुसरा आणि तिसरा, मग तिन्ही मिळून. खाली एक ओळ होती: वीज कमी-जास्त झाली की हिशेब चुकतो, तो धरू नये.

आम्ही त्यास बोलावून विचारले, “हे काय आहे? परीक्षेला याचा काय उपयोग?” तो काही बोलला नाही. पुढच्या वेळी वही आली तेव्हा मागची पाने फाडलेली होती.

कोणी म्हणेल, ती गणती म्हणजे झोप येऊ नये म्हणून केलेली युक्ती असेल. तिला आनंद कशास म्हणावयाचे? आरंभी तसे असेलही. पण केवळ झोप घालवावयाची असती तर कोणताही आकडा चालला असता. विजेमुळे चुकलेला हिशेब बाजूस काढण्याची दक्षता मनुष्य तेव्हाच घेतो, जेव्हा त्याला खरे काय आहे ते हवे असते, आणि ते कोणालाही दाखवावयाचे नसतानाही हवे असते. आम्ही ज्याला छंद म्हणतो तो हाच. तिकिटांचा निबंध आम्ही मागितला म्हणून आला होता.

या मुलाची आठवण आम्हांस दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्याविषयी वाचताना प्रथम तीव्रतेने झाली. कापरेकरांचा जन्म 1905 मध्ये डहाणूचा. शाळा ठाण्यास, पुढे फर्ग्युसन कॉलेज. 1930 पासून 1962 पर्यंत ते देवळालीस शाळामास्तर होते. गणितातील पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठाचा आधार नाही; पुष्कळशा पुस्तिका त्यांनी पदरमोड करून छापल्या. कोणतीही चार आकडी संख्या घ्या, चारही आकडे सारखेच मात्र नकोत. आकडे उतरत्या क्रमाने मांडून त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. अधिकांत अधिक सात पायऱ्यांत 6174 येते, व तेथून पुढे हलत नाही. 1947 पासून आरंभ केल्यास 8262, 6354, 3087, 8352 आणि मग 6174. वाचकांनी हे घरी मुलांसह करून पाहावे. कागद आणि पेन्सिल यांपलीकडे खर्च नाही.

आम्हांस अधिक मोह पडतो तो त्यांनी आपल्या संख्यांना दिलेल्या नावांचा. 121, 12321 अशा संख्यांस त्यांनी डेम्लो हे नाव दिले. ही कल्पना ज्या रेल्वे स्टेशनात सुचली त्याचे ते नाव, आणि ते स्टेशन म्हणजे आमच्या उल्हास नदीपलीकडची डोंबिवली. तेथे रोज लक्षावधी माणसे गाडीची वाट पाहतात, त्यांत आम्हीही कित्येकदा उभे राहिलो आहो. आम्हांस गाडी उशिरा आल्याचा संताप सोडून दुसरे काही सुचल्याचे स्मरत नाही. आणि जी संख्या आपल्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते, तिला त्यांनी ‘हर्षद’ म्हटले. बाराच्या अंकांची बेरीज तीन, आणि तिनाने बारा भागले जातात. एवढ्यात या मास्तरांस हर्ष होता. देशातील अनेक गणितज्ञांनी त्यांच्याकडे गंभीरपणे पाहिले नाही. 1975 मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा ते जगास ठाऊक झाले. त्यापूर्वीची पंचेचाळीस वर्षे त्यांनाही कोणी ना कोणी ‘याचा उपयोग काय?’ असे विचारलेच असेल. ते ऐकूनही त्यांनी पाने फाडली नाहीत, हा त्यांच्या स्वभावाचा मोठेपणा. विचारणाऱ्यांचे त्यात काही श्रेय नाही.

आमच्या मध्यमवर्गीय घरांत छंदांस जागा नाही असे नव्हे. पेटी वाजविणाऱ्या मुलीस आपण परीक्षांना बसवितो, चित्रे काढणाऱ्या मुलाची प्रमाणपत्रे भिंतीवर लावतो, आणि दोन वर्षांनी पेटी माळ्यावर जाते तेव्हा आजच्या पिढीत उत्साह नाही असे म्हणून हळहळतो. हे करताना आपला हेतू वाईट नसतो. आमचाही नव्हता.

येथे एक गैरसमज होऊ नये. त्या मुलाच्या मनाला बारा तासांची पाळीही विझवू शकली नाही, यावरून पाळीस काही दोष नाही असे कोणी अनुमान काढील, तर तो त्या मुलावर दुसरा अन्याय होईल. बारा तास मागापाशी उभे राहूनही त्याने जे राखले, ते आठ तासांत किती वाढले असते कोण जाणे! आमचे म्हणणे एवढेच की, जे श्रमांनी हिरावले गेले नव्हते, ते एका सुशिक्षित माणसाच्या सहज प्रश्नाने दोन मिनिटांत गेले.

तो मुलगा वर्षअखेरीस कॉलेज सोडून गेला. पुढे त्याचे काय झाले याचा आम्हांस पत्ता लागला नाही. मध्यंतरी एका संध्याकाळी फिरून येताना एका कारखान्याचे दार उघडे दिसले, म्हणून आम्ही उंबऱ्याशी थांबलो. जवळचे दोन माग निवडून ठोके मोजू लागलो. एकदा सतराला चुकलो, एकदा तेविसाला. तिसऱ्यांदा आरंभ केला तोच आतील कामगाराने जवळ येऊन, कोणाकडे आलात, अशी हिंदीत चौकशी केली. आणि त्याला काय उत्तर द्यावे हे आम्हांस सुचेना.