पिवळं पान

रायबंदरहून फेरीबोट सुटली की मांडवी ओलांडायला फार वेळ लागत नाही. पलीकडे चोडण बेट. धक्क्यापासून जवळच डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं, १९८८ साली जाहीर झालेलं, सगळं खारफुटीचं. आम्ही मात्र त्याच्या हद्दीबाहेरच्या खाडीत कयाक घेऊन शिरणार होतो. पाणमांजर बघायला. निदान मी तरी त्याच आशेवर पहाटे चारला उठलो होतो.

वाटाड्या बेटावरचाच, विशी-बाविशीतला मुलगा. घड्याळाकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. तो बघत होता कांदळाच्या मुळांवरच्या ओल्या रेघेकडे. अजून दोन बोटं पाणी चढायचंय, म्हणाला, मग जरा थबकेल. ओहोटी लागली की परत फिरायचं, नाहीतर चिखलात बसून राहायचं पुढच्या भरतीपर्यंत.

कयाकमध्ये माणूस पाय पसरून जवळजवळ पाण्यातच बसतो. खेकड्याच्या उंचीवरून जग बघायची ही सोय मला आवडली. चिखलाच्या उतारावर निवटी कल्ल्यांजवळच्या परांवर रेलून टुणटुण पुढे सरकत होत्या. मासा असून जमिनीवर चालणं त्यांना इतकं अंगवळणी पडलेलं की उलट आम्हीच पाण्यात काय करतोय, असा त्यांचा चेहरा. काळ्या टोपीचा एक खंड्या निळी रेघ ओढून गेला. मी "अरे!" म्हणालो तर मागून हलकेच आवाज आला, "ओगी रावात, काका."

ओगी राहिलो.

पुढे त्याने तिवराचं एक पान तोडून दिलं आणि जीभ लावायला सांगितली. खारट. तिवर खारं पाणीच पितं आणि नको असलेलं मीठ पानांतल्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. कांदळाची रीत वेगळी, ते बहुतेक मीठ मुळाशीच अडवतं. मग त्याने हिरव्यागार फांदीतलं एकच पिवळं पान दाखवलं. झाडातलं सगळं मीठ हे एक पान स्वतःत घेतं आणि गळून पडतं, म्हणजे बाकीची पानं वाचतात. बहुधा हे तो प्रत्येक पाहुण्याला सांगत असावा, कारण 'त्याग' या शब्दापाशी तो नेमका थांबला.

खोटं कशाला बोलू, माझ्या डोक्यात तेवढ्यात लेख तयार झाला होता. घरातली थोरली माणसं, पिवळं पान, डोळ्यांच्या कडा ओल्या. रोज सकाळी निसर्गाला काहीतरी शिकवायला लावणं हा आमचा धंदाच आहे. पण घरी येऊन वाचत बसलो तर कळलं की अभ्यासकांचा या कथेवर फारसा विश्वास उरलेला नाही. पानं तपासली तेव्हा पिवळ्या पानात जून हिरव्या पानाहून विशेष जास्त मीठ सापडलं नाही. पान म्हातारं होतं आणि गळतं, एवढंच. कांदळाच्या लोंबत्या शेंगांचंही तेच. ती शेंग म्हणजे आईच्या अंगावरच रुजलेलं रोप. ते सुटतं, चिखलात रुततं किंवा पाण्याबरोबर दूर कुठेतरी जातं. 'लेकुरवाळं झाड' हे शब्द जिभेवर आले होते. गिळले.

पाणमांजर दिसलं नाही. दिसली ती त्याची विष्ठा, एका दगडावर, माशांच्या खवल्यांनी चकाकणारी. कालच्या रात्रीची, म्हणाला. प्राणी दिसल्यावर झाला असता तितकाच आनंद त्याला झालेला. मी नाक मुरडून फोटो काढला.

"हे कोणाचं शेत होतं ठाऊक आहे?" त्याने एकदम विचारलं. चहूकडे गच्च खारफुटी, आणि हा शेत म्हणतोय. "आजोबांचं."

खाजन शेतीबद्दल मी ऐकून होतो. खाडीकाठची सखल जमीन चिखल, पेंढा आणि चिऱ्यांच्या बांधाने आत घ्यायची. बांधात मानस, म्हणजे लाकडी दार. भरतीने आपोआप मिटणारं, ओहोटीने उघडणारं. आत खाऱ्या जमिनीला सोसेल असं भात, मानसीपाशी मासे. या दाराशीच पाणमांजरंही येतात, माशांच्या आशेने. बांध हा सगळ्याचा प्राण. तिकडे कुंभारजुव्याच्या कालव्यावर मगरी आहेत, आणि त्या भागातल्या काही गावांत पौष अमावास्येला चिखलाची मगर थापून तिची पूजा करतात, 'मानगे थापणी'. मगर बघायला ते बोटीत बसत नाहीत. बांध राखायला तिला शेतात बोलावतात.

इथला बांध कधीतरी फुटला. आजोबा थकलेले, मुलगे पणजीत नोकरीला. डागडुजी राहून गेली, भरती आत आली आणि तिच्याबरोबर त्या शेंगा. खारफुटी एकदा उभी राहिली की तोडायला कायद्याने बंदी. ती बंदी असायलाच हवी, असं मी आजवर ठामपणे लिहीत आलोय. आजही लिहीन, पण त्या कयाकमध्ये बसून ते मोठ्याने म्हणवेना.

"मग जंगल झालं ते बरं झालं की वाईट?" माझा प्रश्न.

"रविवारी तीन फेऱ्या होतात," तो म्हणाला.

मुळांवरची ओली रेघ आता पाण्याच्या बरीच वर दिसत होती. आम्ही वळलो. येताना जिथून सरळ तरंगत आलो होतो तिथेच कयाकच्या तळाला काहीतरी खर्रकन घासलं आणि आम्ही अडकलो. मी घाबरून वल्हं घट्ट धरलं. तो खाली उतरला, गुडघाभर चिखलात, आणि पुढचं टोक उचलून आम्हाला पलीकडे ढकलू लागला. वाकून पाहिलं तर पाण्याखाली तांबडे चिरे, एका ओळीत लावलेले.