अरेथूसेचे पाणी : स्थळ, कथा आणि संमतीचा प्रश्न

सिसिली बेटावरील सिराक्यूज शहराचा सर्वांत जुना भाग म्हणजे ऑर्टिजिया हे छोटे बेट. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, समुद्रापासून अवघ्या काही पावलांवर, गोड्या पाण्याचा एक झरा आहे. आज तो कठड्याने वेढलेल्या कुंडात बंदिस्त आहे. कुंडात पपायरसची बेटे आहेत, मासे आणि बदके आहेत आणि वरच्या रस्त्यावरून वाकून पाहणारे प्रवासी आहेत. चुनखडीच्या खडकातून वाहत आलेले भूजल दाबाखाली येथे वर येते, एवढे स्पष्टीकरण भूशास्त्राला पुरते. प्रवासी मात्र भूजल पाहण्यासाठी येत नाहीत. ते 'अरेथूसा' पाहण्यासाठी येतात. नामाने कुंडाला अर्थ दिला आहे आणि त्या नामामागे कथा आहे. ही कथा कोणत्या प्रकारची आहे, आणि ती ठाऊक असलेल्या वाचकाने या पाण्याकडे कसे पाहावे, हा प्रश्न वरवर पाहता पर्यटनाचा वाटतो. वस्तुतः तो वाचनाच्या नीतीचा प्रश्न आहे.

कथेचा सांगाडा परिचित आहे. पेलोपोनीजमधील अल्फिअस ही नदी; ग्रीक कल्पनेप्रमाणे नदी पुरुषरूप. अरेथूसा ही आर्टेमिसच्या परिवारातील, मृगयेत रमणारी अप्सरा. अल्फिअस तिच्यावर आसक्त होतो, ती नकार देते आणि पळते. अखेरीस ती ऑर्टिजियावर झरा होऊन प्रकटते. अल्फिअस समुद्रतळाखालून ५०० किलोमीटरांहून अधिक अंतर कापून तिच्या पाण्यात मिसळतो. स्थळाची कीर्ती या शेवटच्या घटकावर, म्हणजे मीलनावर, उभी आहे. अरेथूसा निसटली एवढेच कथेने सांगितले असते, तर झरा इतर अनेक झऱ्यांसारखाच राहिला असता. अल्फिअस पोहोचला म्हणून तो 'प्रेमाचे' स्थळ झाला. नकार देणाऱ्या स्त्रीचा पाठलाग यशस्वी झाला, या गोष्टीचे स्मारक म्हणून पाण्याकडे पाहावयाचे काय, अशी ही अडचण आहे.

प्राचीनांनी या कथेला विचारलेला प्रश्न वेगळा होता. कथा खरी की खोटी, हा त्यांचा प्रश्न. स्ट्रेबो हा भूगोलकार लोकांनी दिलेले पुरावे आधी नोंदवतो: ऑलिंपिया येथे नदीत पडलेला पेला सिराक्यूजच्या झऱ्यात सापडला; ऑलिंपियातील बैलांच्या बळींमुळे झऱ्याचे पाणी गढूळ होते. मग तो ते फेटाळतो. अल्फिअस सर्वांच्या देखत समुद्राला मिळते, तिला गिळणारे विवर मुखापाशी नाही आणि असते तरी एवढ्या समुद्रातून तिचे पाणी गोडे राहणे शक्य नव्हते. पॉसेनियस याउलट विश्वास ठेवतो. कॉरिंथच्या आर्किअसला सिराक्यूज वसवण्यास धाडताना डेल्फीच्या देवानेच हा संगम सांगितला आहे, म्हणून आपण अविश्वास दाखवीत नाही, असे त्याचे म्हणणे. एकाने कथेला निसर्गनियमाची कसोटी लावली, दुसऱ्याने देववाणीची. दोघांनाही पाणी कोठून आले एवढेच पाहावयाचे आहे. अरेथूसेला काय वाटले, हा प्रश्न दोघांच्याही विचारक्षेत्राबाहेर राहतो. सत्यासत्याचा निवाडा झाला म्हणजे कथेचा निवाडा झाला, असे मानण्याची सवय आधुनिक वाचकालाही आहे. 'ही केवळ दंतकथा' असे म्हणून तो मोकळा होतो. परंतु दंतकथा म्हणून दूर सारलेली कथा रसिकतेच्या मार्गाने परत येते आणि त्या मार्गावर तिला कोणीच प्रश्न विचारत नाही.

काव्यपरंपरेने नेमके हेच केले. मॉस्कसच्या एका छोट्या रचनेत अल्फिअस वधूसाठी भेटी घेऊन निघालेला वर होतो; पाने, फुले आणि ऑलिंपियाची पवित्र धूळ तो समुद्राखालून नेतो. व्हर्जिलच्या महाकाव्यात तो गुप्त वाटांनी येऊन अरेथूसेच्या मुखातून सिसिलीच्या लाटांत मिसळतो. शेलीने १८२० साली मेरी शेलीच्या 'प्रॉसर्पिना' या नाट्यकृतीसाठी याच विषयावर कविता लिहिली. तिच्यात पाठलागाची भीती आरंभी आहे, पण शेवटी दोन्ही प्रवाह जुने स्नेही असल्यासारखे एकत्र नांदतात. पाठलागाचे मीलनात आणि मीलनाचे सौहार्दात असे हे रूपांतर होत गेले. प्रत्येक टप्प्यावर अरेथूसेचा नकार थोडा अधिक पुसट झाला. हे कोणा एका कवीच्या संवेदनशून्यतेचे फळ नाही. 'दोन पाणी मिसळले' या प्रतिमेतच ते सामर्थ्य आहे. पाण्याला प्रतिकार करता येत नाही. म्हणून पाण्याच्या भाषेत सांगितलेला बलात्कार संगमासारखा दिसतो.

या पार्श्वभूमीवर ऑव्हिडच्या 'मेटॅमॉर्फोसिस'च्या पाचव्या सर्गातील निवेदनव्यूह लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. येथे अरेथूसा स्वतः आपली कथा सांगते. ऐकणारी आहे सीरिझ, जिची कन्या प्रॉसर्पिना पाताळाच्या राजाने पळवून नेली आहे. अरेथूसेच्या निवेदनात प्रणयाचा लवलेश नाही. शिकारीने थकून ती नितळ, निःशब्द पाण्यात उतरते. तळातून कुजबुज ऐकू येते. ती विवस्त्र पळते. मागून येणाऱ्याची सावली तिला आपल्यापुढे पडलेली दिसते. डायनाने तिला ढगात लपवल्यावर ती स्वतःला लांडग्यांचा आवाज ऐकणाऱ्या कोकराची आणि झुडपात दडलेल्या सशाची उपमा देते. भीतीने फुटलेला घाम हेच तिचे पाणी होणे. अल्फिअस ते पाणी ओळखतो आणि तिच्यात मिसळण्याच्या हेतूने पुरुषरूप टाकून प्रवाह होतो. त्याच क्षणी डायना भूमी दुभंगते, अरेथूसा अंधाऱ्या गुहांतून ऑर्टिजियावर येते आणि तिचे निवेदन तेथेच थांबते. मिसळण्याचा हेतू सांगितला जातो, मिसळणे सांगितले जात नाही. ज्या घटकावर स्थळाची सारी कीर्ती उभी आहे, तोच घटक तिच्या तोंडून येत नाही.

आणखी एक गोष्ट याहून महत्त्वाची आहे. ज्या भूमिगत वाटेने अल्फिअस प्रेयसीकडे गेला असे परंपरा सांगते, त्याच वाटेने जाताना अरेथूसेने पाताळात प्रॉसर्पिनेला पाहिले आहे. सीरिझला कन्येचा पत्ता तिच्याकडूनच लागतो. शिवाय क्रोधाने सिसिलीची भूमी नापीक करणाऱ्या देवीपुढे ती भूमीची बाजू मांडते: अपहरणाला भूमीने वाट दिली ती स्वेच्छेने नव्हे. ऑव्हिडची अरेथूसा कोणाची प्रेयसी नाही, ती साक्षीदार आहे. स्वतः पाठलाग सोसलेली एक स्त्री दुसऱ्या अपहृत स्त्रीची वार्ता तिच्या आईला देते, हे या प्रसंगाचे कथनात्मक कार्य आहे.

ही साक्ष निरपवादपणे 'स्त्रीचा आवाज' म्हणून स्वीकारावी काय? तसे करणे भाबडेपणाचे ठरेल. अरेथूसेचे बोल कॅलिओपीच्या गाण्यात आहेत, ते गाणे दुसरी एक कलादेवता मिनर्व्हाला सांगते आहे आणि या सर्वांना ऑव्हिड बोलवतो आहे. पळणाऱ्या विवस्त्र देहाचे वर्णन वाचकाच्या दृष्टीला काय पुरवते, हेही विसरता येत नाही. तथापि आवाज उसना आहे एवढ्याने त्याने मांडलेला भेद खोटा ठरत नाही. तो भेद याच सर्गात आधी स्पष्ट शब्दांत आला आहे. प्रॉसर्पिनेला घेऊन जाणाऱ्या रथासमोर सायनी ही जलदेवता आडवी उभी राहते आणि कन्येची याचना करावयास हवी होती, तिला बळाने नेणे योग्य नव्हे, असा आक्षेप घेते. आपल्यावरही अनापसचे प्रेम होते, पण आपला विवाह विनवणीनंतर झाला, भयाने नव्हे, असा दाखलाही देते. तिचे ऐकले जात नाही. दुःखाने ती आपल्याच पाण्यात विरघळते आणि सीरिझ येते तेव्हा बोलू शकत नाही. पाण्यावर तरंगणारा प्रॉसर्पिनेचा कमरपट्टा तेवढा दाखवते. सिराक्यूजच्या नैर्ऋत्येला चियाने हा झरा आजही आहे, त्याच्या काठी पपायरस वाढतो आणि त्याचे पाणी अनापो नदीच्या सोबतीने बंदराकडे जाते. म्हणजे एकाच परिसरात दोन झरे आहेत आणि कथेने एकाला संमतीचा, दुसऱ्याला नकाराचा अर्थ दिला आहे. प्रवाशांची गर्दी दुसऱ्यापाशी असते आणि तेथे ती प्रेमकथा ऐकते.

प्राचीन मिथकाला 'संमती'ची आधुनिक कसोटी लावणे हा कालविपर्यास आहे, असा आक्षेप येथे अपेक्षित आहे. सायनीचा युक्तिवाद हे त्याचे पहिले उत्तर: कसोटी संहितेतच आहे. दुसरे उत्तर भारतीय काव्यशास्त्रातून मिळते. रती उभयनिष्ठ नसेल तर तेथे शृंगार नसून शृंगाराभास असतो, असे 'साहित्यदर्पण'कार विश्वनाथ सांगतो. अभिनवगुप्ताने सीतेविषयीच्या रावणाच्या अभिलाषेचे उदाहरण घेऊन शिंपल्यावर भासणाऱ्या रजताचा दृष्टांत दिला आहे. भास प्रथम खरा वाटतो, मागाहूनच्या विचाराने तो भास म्हणून कळतो. अल्फिअसच्या कथेचे ग्रहण नेमके असे घडते. संगमाची प्रतिमा प्रथम रती म्हणून प्रतीत होते. अरेथूसेचे निवेदन आठवले की चांदी नाहीशी होते. अभिनवगुप्ताच्या मते अशा विचारानंतर हास्य उरते. येथे हास्य उरत नाही, भयानक उरतो. या संकल्पनेची मर्यादाही सांगितली पाहिजे. रसाभासाचा आधार औचित्य हा आहे. विश्वनाथ एकतर्फी रतीच्या पंक्तीत अधमपात्रांची आणि पशुपक्ष्यांची रतीही बसवतो. स्त्रीच्या इच्छेचे स्वातंत्र्य हा त्याच्या चिंतनाचा विषय नव्हता. तरीही एकतर्फी आसक्तीला प्रेम म्हणू नये हा विवेक आधुनिकांचा शोध नाही, एवढे त्यातून निश्चित सिद्ध होते.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही कथा मुळात व्यक्तींची नाहीच, ती वसाहतीची कथा आहे. मायभूमीचे पाणी समुद्राखालून नव्या भूमीत येते, असे म्हणून वसाहतवाल्यांनी आपले नाते टिकवले, असा तो आक्षेप. हे वाचन पटण्यासारखे आहे. पॉसेनियसच्या साक्षीत आर्किअसचे नाव येते ते उगाच नव्हे. परंतु या वाचनाने नैतिक प्रश्न मिटत नाही, दुणावतो. आर्किअसने वसाहत करण्यापूर्वी त्या बेटावरून सिकेल लोकांना हाकलले, असे थ्युसिडिडीझने नोंदवले आहे. पाणी आधीपासून ग्रीसचेच होते असे म्हटले की भूमी घेतली हे सांगण्याचे कारण उरत नाही. एकाच प्रतिमेने दोन नकार झाकले: एक अरेथूसेचा, दुसरा सिकेलांचा. अरेथूसेला निदान काव्यात आवाज मिळाला. सिकेलांचे स्वतःचे कथन आपल्यापर्यंत आलेले नाही.

मग झऱ्यापाशी गेलेल्या जाणत्या वाचकाने काय करावे? कथेवर बहिष्कार घालावा, हा मार्ग निरुपयोगी आहे. कथा काढली की उरते कुंड आणि बदके, आणि पुसले गेलेले नकार पुन्हा एकदा पुसले जातात. कथा 'केवळ सौंदर्य' म्हणून भोगावी, हाही मार्ग आता निर्वेध राहत नाही. तिसरा मार्ग असा की स्थळाला संहितेचा पुरावा न मानता तिचा एक पाठ मानावा. पाठाला पर्याय असतात. कोणता पाठ फलकावर आला, कोणता कवितेत राहिला आणि कोणता कोठेच उरला नाही, हे विचारता येते. सिसेरोने इ.स.पू. ७० मध्ये वर्णिलेल्या या झऱ्याला समुद्रापासून वाचवणारा दगडी बांध होता. अठराव्या शतकातील प्रवाशांना तेथे धुणे धुणाऱ्या बायका दिसल्या आणि काव्यातली अप्सरा सापडली नाही म्हणून ते खट्टू झाले. त्या बायकांना पाहणे हेही झरा पाहणेच होते, हे त्यांना सुचले नाही.

खारे पाणी अरेथूसेत न मिसळो, अशी प्रार्थना व्हर्जिलने आपल्या दहाव्या गोपगीतात केली होती. ती फळली नाही. काळाच्या ओघात झऱ्याचे पाणी मचूळ झाले. त्याची कारणे भूकंपांत आणि भूजलात शोधावी लागतात, मिथकात नाहीत, आणि यातून प्रतीक काढण्याचा मोह टाळलेला बरा. वाचकाची जबाबदारी याहून मर्यादित आणि म्हणून अधिक बंधनकारक आहे. ज्या ठिकाणी अरेथूसेने आपले निवेदन थांबवले, त्याच्या पुढचे वाक्य तिच्या नावावर घालू नये.