खुर्द्याचं स्मारक

प्रिय मित्रा,

पानिपतला काळ्या आंब्यापाशी मराठा सेनापती सदाशिवराव भाऊसाहेबांचा भव्य अश्वारूढ पुतळा उभारावा, त्यासाठी वर्गणी जमवावी, असं तू लिहिलंस. तुझी कळकळ मला ठाऊक आहे. तरीही या पुतळ्याला माझा विरोध आहे.

१४ जानेवारी १७६१ च्या पानिपतच्या पराभवानंतर सावकारी भाषेत दक्षिणेकडे गेलेला निरोप आपण शाळेपासून ऐकत आलो. त्यात मोती मोजले, मोहरा मोजल्या, म्हणजे सेनानी आणि सरदार. खुर्दा मोजायला कोणी थांबलं नाही. हा खुर्दा म्हणजे बारगीर, भोई, खिजमतगार, फौजेबरोबर तीर्थयात्रेला निघालेल्या बायाबापड्या. अहमदशहा अब्दालीनं मराठ्यांची रसद तोडली, रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, छावणीत दाणा मिळेना. घोडी खंगली. माणसं उपाशीपोटी मैदानात उतरली. आणि आजही आपण पराजयाचं खापर फोडतो ते या बिनलढाऊ बुणग्यांवर! त्यांना एवढ्या लांब नेण्याचा निर्णय त्यांचा होता का? बायकामुलं आणि जड सामान मागे ठेवा, हा भरतपूरच्या सूरजमल जाटाचा सल्ला मानला गेला नाही, तो कोणामुळे? भाऊसाहेबांच्या शौर्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण शूर माणसाच्याही चुका दगडावर लिहायची हिंमत समाजात हवी.

त्याच सूरजमलनं लढाईनंतर आपल्या जखमी, उघड्यावाघड्या माणसांना आसरा दिला, जेवू घातलं. इब्राहिमखान गारदी मराठ्यांच्या बाजूनं शेवटपर्यंत लढला, पकडला गेला आणि मारला गेला. पेशव्यांचे पुत्र विश्वासराव यांच्या देहाला हिंदू रीतीनं अग्नी मिळाला तो शत्रूच्या गोटातल्या अवधच्या नवाब शुजाउद्दौलामुळे. हे तिन्ही प्रसंग ठळक अक्षरांत लिहिलेले नसतील, तर त्या जागी जाऊन आपली पोरं शेजाऱ्याचा द्वेष तेवढा शिकून येतील. असलं स्मारक मला नको.

म्हणून माझं म्हणणं ऐक. घोडा नको, चौथरा नको. नावांची भिंत बांधू. ‘आमचे पूर्वज पानिपतावर पडले’ असं सांगणारी घराणी गावोगाव आहेत. त्यांच्या वंशावळी, देवघरातली बाडं, भाटांच्या वह्या तपासू. सरदाराचं नाव आणि भोयाचं नाव एकाच मापाच्या अक्षरांत कोरू. जात लिहायची नाही, गाव लिहायचं. नावं न सापडलेल्यांसाठी भिंतीचा मोठा भाग मोकळा राहील, तो राहू दे.

तुझ्या तालुक्यापासून तू सुरुवात कर, माझ्या तालुक्याचं मी बघतो. पावतीपुस्तकं तोवर छापू नकोस.