कौशल्याची ढाल

रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली दिला. पडलेली पाने स्मरणात ठेवावी लागतात, कोणते राखावे, कोणते टाकावे याचा विचार करावा लागतो, हे त्यामागील कारण. पुढे मोबाईलवर पैसे लावून खेळविणाऱ्या कंपन्यांनी हाच निर्वाळा ढालीसारखा वापरला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने मात्र हा भेदच बाजूस सारला. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून तो ऑनलाईन चालविणे निषिद्ध ठरले.

कायद्याचे राहू द्या. कौशल्याने हिरावलेला पैसा नशिबाने हिरावलेल्या पैशाहून निर्मळ कसा? उलट नशिबापुढे तरी सारे समान असतात. कौशल्याच्या पटावर नवखा बसतो तोच हरलेला, आणि तसे त्याला कुणी सांगत नाही.

सणाच्या मांडवातील हौजी निव्वळ नशिबाची. तरी तिच्याविषयी आपल्या मनात किल्मिष नसते (काही कडक वडीलधारे वगळू या!). तिकिटाचे दहा-वीस रुपये जातात, जिंकणारा शेजारीच बसलेला दिसतो आणि मांडव ठरल्या वेळी उठतो. पडद्यावरच्या पटाला रात्र नव्हती, ‘पुरे’ म्हणणारा शेजारी नव्हता. जिंको कुणीही, चालविणाऱ्याचा वाटा डावागणिक कापला जाई.

गंमत अशी, की १९६७ च्या त्याच निकालात एक पुस्ती होती: पैसे लावून चालणाऱ्या खेळातून जागेचा मालक नफा काढीत असेल, तर तो गुन्हा ठरू शकेल. ढाल पुढे करणाऱ्यांनी ही पुस्ती सोयीस्करपणे मागे ठेवली.