सुरमई नाही, म्हणून दोन तारे

जुलैत कोकणातला पाऊस दुपारी दोनलाच संध्याकाळ करून टाकतो. मालवणजवळच्या एका गावात, डांबरी रस्ता सोडून माडांतून आत गेल्यावर एक घरगुती खाणावळ आहे. पडवीत पाच टेबलं, भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर. माझ्या शेजारच्या टेबलावर पुण्याहून आलेलं एक कुटुंब बसलं होतं. बसता बसताच त्यांनी सांगितलं, "पाच सुरमई थाळ्या." बाई दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या. म्हणाल्या, "बोटी बंद आसत. सुरमय खंयसून हाडू?" मग होतं ते सांगितलं: सुक्या सुंगटांचं किसमूर, टाकळ्याची भाजी, अंड्याचा रस्सा, उकडा भात, सोलकढी. ती मंडळी जेवली. भात दोनदा मागून घेतला. गाडीत बसण्याआधीच मुलाने फोनवर निकाल देऊन टाकला होता. रात्री लॉजवर मी तो वाचला. पाचपैकी दोन तारे, आणि खाली एकच ओळ: मालवणात येऊन सुरमई मिळाली नाही.

त्या बाईंनी काय चुकीचं केलं होतं? १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा हा काळ, आणि समुद्रही खवळलेला. या दिवसांत ताटात सुरमई दिसली, तर ती बहुतेक बर्फातली किंवा लांबून आलेली. म्हणजे बाईंकडे सुरमई नव्हती, याचा सरळ अर्थ त्यांची खाणावळ ताजी होती. तारे कापले गेले ते नेमके त्या ताजेपणाचे.

हे मी वर बसून बोलत नाही. बरीच वर्षं मीही एका पुरवणीसाठी गावोगावच्या जेवणावर लिहीत आलो. एकदा जायचं, दोन-तीन पदार्थ मागवायचे, रश्शाच्या तर्रीवर चार ओळी, मालकाशी पाच मिनिटं गप्पा, आणि शेवटी 'आवर्जून जावे असे ठिकाण'. जुलैत सुरमई मागणारा मी नव्हतो, पण श्रावणात कोल्हापूरला जाऊन 'तांबडा-पांढरा जरा निवांत वाटला' असं मी छापलेलं आहे. श्रावणात निम्मं गाव मटणाला शिवत नाही, तेव्हा रोजच्यासारखं मोठं पातेलं चुलीवर चढत नसणार, एवढा साधा विचार मला सुचला नव्हता.

आपल्याकडे जेवणाचं परीक्षण नव्हतंच असं नाही. ते फार जुनं आहे आणि त्याला एक नेमका शब्द आहे: खाडा. खाणावळीचा मेंबर महिन्याचे पैसे ठरवतो, ज्या दिवशी जेवत नाही तो खाडा, महिनाअखेरीला खाडे वजा होतात. आमटी सलग तीन दिवस पाणचट आली की खाडे वाढतात. चौथ्या दिवशी आमटी घट्ट होते. कुणी कुणाला अक्षर लिहिलेलं नसतं. गिरणगावात ज्या बायका खोलीतल्या स्टोव्हवर वीस-पंचवीस गिरणीकामगारांचे डबे रांधत, त्यांचं परीक्षण रोज दोन वेळा होत असे, आणि ज्याच्या हातात निकाल होता तो कामगार संपात सापडला तर त्याच बाईकडे उधारीवरही जेवत असे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच खाणावळवाल्या बायकांसाठी. त्यांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं, ही त्यातली मोठी निकड होती. खाणावळ म्हणजे उधारी, धान्याचे भाव, रॉकेल आणि त्यात बसवलेली चव. जेवणाऱ्याला यातलं बरंचसं ठाऊक असायचं, म्हणून त्याचा राग आणि त्याची माफी दोन्ही मोजून यायची.

ताऱ्याचं कुळ वेगळं. फ्रान्समधल्या मिशलिन या टायर कंपनीने १९०० साली मोटारवाल्यांसाठी एक पुस्तिका काढली. लोकांनी गाड्या जास्त पळवल्या तर टायर जास्त झिजणार, हा हिशेब. १९२६ पासून त्यात उत्तम जेवणाला तारा मिळू लागला. पुढे तारे तीनपर्यंत गेले, तेव्हा दोन ताऱ्यांचा अर्थ होता वाट वाकडी करून जावं असं ठिकाण, आणि तिनांचा, केवळ त्यासाठी प्रवास करावा असं. तारा मुळातच गाडीतून उतरणाऱ्याचा आहे. ज्याला उद्या पुन्हा त्याच टेबलावर बसायचं आहे त्याच्यासाठी तो काढलेलाच नव्हता. तरी मिशलिनचे निरीक्षक नाव लपवून जातात, बिल स्वतः भरतात, आणि निकाल एका माणसाच्या एका जेवणावर ठरत नाही. आपण त्यांचा तारा तेवढा उचलला. ही पथ्यं वाटेतच राहिली.

इंग्लंडमध्ये रेमंड पोस्टगेट या डाव्या विचारांच्या पत्रकाराने १९५१ साली 'गुड फूड गाइड' काढलं, तेव्हा तिथे युद्धानंतरचं रेशनिंग अजून चालू होतं. बाहेरचं जेवण इतकं वाईट होतं की ग्राहकांनीच एकमेकांना सावध करावं, हा त्याचा बेत. वाचक आपापल्या भागातल्या हॉटेलांवर, खेड्यातल्या पबवर आणि इनवर लिहून पाठवत. त्यात पुन्हापुन्हा जाणारा स्थानिक माणूसही सामील होऊ शकत होता. हे मला ताऱ्यापेक्षा खाड्याच्या जवळचं वाटतं. आजचं फोनवरचं परीक्षण त्याच लोकशाहीचा वारसा सांगतं खरं, पण लिहिणारा जेवला होता की नाही हेसुद्धा त्यात कळत नाही. २०१७ साली लंडनच्या डलिच भागात ऊबा बटलर नावाच्या पत्रकाराने आपल्या बागेतल्या शेडला रेस्टॉरंट म्हणून ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर नोंदवलं आणि खोट्या अभिप्रायांच्या जोरावर लंडनमधल्या पहिल्या क्रमांकावर नेऊन बसवलं. तोवर तिथे कुणाला घासभर अन्न वाढलेलं नव्हतं.

पिणारे लोक या बाबतीत जास्त शहाणे, असं मला गोव्यात दिसलं आहे. गावातल्या तावेर्नात हुर्राक मिळते ती काजूच्या हंगामात, उन्हाळ्यात. सप्टेंबरात जाऊन हुर्राक मागणाऱ्याकडे आख्खं तावेर्न वळून बघतं. नाही म्हणून कुणी रुसत नाही. फेणी घेतो, बसतो. हंगाम हा मालाचा गुण आहे, दुकानदाराचा दोष नाही, हे तिथे कुणाला समजावून द्यावं लागत नाही. मग माशाच्या बाबतीतच आपलं हे भान कुठे जातं? माझ्या मते ते थाळीच्या फोटोत गेलं. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पुढच्या वर्षी कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली, आणि ज्या जेवणाचे गिऱ्हाईक आळीतले होते त्याचे गिऱ्हाईक एकाएकी अनोळखी झाले. अनोळखी माणसाला माहीत असतात दोन मासे, सुरमई आणि पापलेट. पेडवे, सौंदाळे, मोरी, कर्ली यांना फलकावर जागा उरली नाही. कर्लीला काटे फार, आणि काटे काढत बसणाऱ्याचा फोटो चांगला येत नाही.

याला उत्तर म्हणून जे लिहिलं जातं त्याचाही मला कंटाळा आला आहे. 'मावशींच्या हातची घरगुती चव', 'आईची आठवण झाली'. घरगुती हा शब्द आता सगळं माफ करणारा झाला आहे. मावशी पहाटे चारला उठून वाटण वाटतात ते मला आईची आठवण यावी म्हणून नव्हे, त्यांना गॅसचं सिलिंडर आणि मुलीची फी भरायची असते म्हणून. त्यांचा धंदा आहे, आणि धंद्याला शोभेल असं परखड परीक्षण हा त्यांचा मान आहे. तेल जुनं असेल, सोलकढीत आमसुलाऐवजी रंग असेल, बांगड्याच्या कालवणात तिरफळं नुसती नावाला टाकली असतील, तर ते लिहायलाच हवं. पडवी अस्वच्छ असेल तर तेही. परीक्षणं बंद करा असं माझं म्हणणं नाही; रस्त्यापासून आत असलेल्या या खाणावळीचा पत्ता मलाही अशाच एका अभिप्रायातून मिळाला होता. पण लिहिणाऱ्याने निदान तारीख घालावी आणि त्या दिवशी बाजारात काय होतं याची चौकशी करावी. जमलं तर पुन्हा जावं, तेही वेगळ्या महिन्यात. क्रिकेटवर लिहिणारा खेळपट्टी न बघता फलंदाजाला नावं ठेवत नाही.

मी पुन्हा गेलो, पुढच्या वर्षी, जुलैतच. पडवीच्या कोपऱ्यात एक डीप फ्रीझर घुरघुरत होता. फलकावर सुरमई थाळी, बारमाही. फोनवर खाणावळ साडेचार ताऱ्यांवर पोचली होती. मी थाळी मागवली. तुकडी मोठी होती, रवा कुरकुरीत होता, आत मासा कापसासारखा.

हात धुवायला मागे गेलो तर बाई आणि त्यांची जाऊ चुलीपाशी जेवायला बसल्या होत्या. ताटात उकड्या तांदळाची पेज आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. मी म्हटलं, मला हे द्याल का? बाई अवघडल्या. "ता तुमका कित्याक? ता आमचा." तरी वाटीत पेज घालून दिली, अर्धा बांगडा मोडून दिला. बांगडा जरा जास्तच खारट होता, तसं मी सांगितलं. "आमका असोच लागता," जाऊ म्हणाली.

बिल आलं तेव्हा त्यावर सुरमई थाळी होती, पाण्याची बाटली होती. पेजेची ओळ नव्हती.