न येण्याची लाज

२००६ साली अमेरिकेतील शार्लट येथील सार्वजनिक ग्रंथालयाने कर्मचाऱ्यांसाठी ‘२३ गोष्टी’ हा उपक्रम आखला. ब्लॉग, विकी, फोटोंची संकेतस्थळे प्रत्येकाने स्वतः वापरून शिकायची. पुढे तो आमच्याही ग्रंथालयात आला. तरुण सहकाऱ्यांना काही विचारायची मला लाज वाटे. एकदा एका आजोबांनी नातवाचे फोटो संगणकावर कसे पाहायचे ते विचारले. “ती सोय इथे नाही,” असे सांगून मी त्यांना टाळले. ते निमूटपणे परतले. माझ्या लाजेची किंमत त्यांनी मोजली!

न येणे हा दोष नाही; ते लपवणे ही मात्र वाचकाची फसवणूक. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच ग्रंथालयाला वर्धिष्णू म्हटले. मग ग्रंथपालाने थांबून कसे चालेल? आता मी सरळ सांगते, “मलाही येत नाही. चला, दोघे मिळून पाहू.”